थेर, म्हातारा, एल्डर : वार्धक्याच्या शब्दांचे चढउतार

उरण-पेणपासून अलिबाग-रेवदंड्यापर्यंत रायगडच्या किनाऱ्यावर 'म्हात्रे' हे आडनाव इतके सर्वत्र आढळते की त्याचा अर्थ विचारावा असे कोणाला वाटत नाही. दुकानांच्या पाट्यांवर, होड्यांच्या फळ्यांवर, लग्नपत्रिकांत, ग्रामपंचायतीच्या फलकांवर ते अभिमानाने मिरवते. मात्र याच किनाऱ्यावर एखाद्या साठीच्या गृहस्थाला तोंडावर 'म्हातारा' म्हटले, तर भांडणाला निमित्त मिळते.

दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे. हा धागा त्या शब्दाचा, आणि इंग्रजीत त्याच्यासारखेच दैव लाभलेल्या शब्दांचा.

संस्कृतात 'महत्' म्हणजे मोठा आणि 'महत्तर' म्हणजे अधिक मोठा. राष्ट्रकूटांचे ताम्रपट वाचताना हा शब्द वारंवार समोर येतो. राजा भूमिदान देतो तेव्हा ते कोणाकोणाला कळवायचे याची एक ठरलेली यादी असते : राष्ट्रपती, विषयपती, ग्रामकूट, आयुक्तक, नियुक्तक आणि महत्तर. (येथील 'राष्ट्रपती' म्हणजे 'राष्ट्र' नावाच्या प्रशासकीय विभागाचा प्रमुख, दिल्लीच्या पदाशी त्याचा संबंध नाही.) महत्तर म्हणजे गावातील वजनदार, जाणती मंडळी. राजाज्ञा गावात खरोखर अमलात यायची ती त्यांच्या मान्यतेने.

हाच 'महत्तर' प्राकृताच्या वळणाने मराठीत 'म्हातारा' झाला. जुन्या मराठीत 'म्हातारा' म्हटले की गावचा प्रमुख माणूसही डोळ्यांपुढे येई. पाटील, देसाई, कुळकर्णी यांची जशी पदावरून आडनावे झाली, तसेच या पदाचे 'म्हात्रे' झाले, असे सामान्यतः मानले जाते. पुढे गावाचा कारभार 'पाटील' या नावाखाली स्थिरावला आणि म्हाताऱ्याच्या हातून अधिकार गेला. मागे उरले ते त्याचे वय. आडनावाने मान टिकवला. सामान्यनामाच्या वाट्याला पांढरे केस, काठी आणि खोकला आला.

फारसीतही 'मिहतर' हा शब्द नेमका असाच घडलेला आहे : 'मिह' म्हणजे मोठा आणि 'तर' हा तुलनादर्शक प्रत्यय. चित्रळच्या राज्यकर्त्याची पदवी 'मेहतर' होती. हिंदुस्थानात मात्र हाच शब्द सफाईचे काम करणाऱ्यांवर लादला गेला. एकच शब्द चित्रळमध्ये सिंहासनावर आणि हिंदुस्थानात शहराबाहेरच्या वस्तीत. शब्द किती खाली घसरू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण शोधणे कठीण आहे.

किनाऱ्यावर याहूनही जुना पुरावा आहे. राजपुरीच्या खाडीकाठी, तळे तालुक्यात, कुडा येथे बौद्ध लेणी आहेत. जवळचे मांदाड हे प्राचीन बंदर. ग्रीक लेखकांचे 'मंदगोर' ते हेच, असे अनेक अभ्यासक मानतात. कुड्याच्या लेण्यांत ब्राह्मी लिपीतील दानलेख आहेत आणि दाते निरनिराळ्या व्यवसायांचे आहेत. त्यांत पदुमनिका नावाच्या एका प्रव्रजितेने लेणे आणि पाण्याची टाकी दान दिल्याचा लेख आहे. ती स्वतःची ओळख कशी देते ते पाहावे. तिची आई नागनिका, तीही प्रव्रजिता. आणि पातिमित व आगिमित या दोन भदंतांशी तिचे भाचीचे नाते. त्या दोघांच्या नावांआधी जो मानाचा शब्द कोरलेला आहे, तो आहे 'थेर'.

'थेर' हे संस्कृत 'स्थविर' याचे पाली-प्राकृत रूप : स्थिर झालेला, वयाने व अनुभवाने ज्येष्ठ. बौद्ध संघात मात्र ही ज्येष्ठता जन्मापासून मोजली जात नसे. उपसंपदेनंतर किती वर्षावास पूर्ण झाले, यावर ती ठरे. दहा वर्षावास झाले की भिक्षू 'थेर', वीस झाले की 'महाथेर'. विसाव्या वर्षी उपसंपदा घेतलेला भिक्षू तिशीतच 'थेर' म्हणवला जाई. 'थेरवाद' म्हणजे अशा ज्येष्ठांची परंपरा, आणि 'थेरीगाथा' हा ज्येष्ठ भिक्षुणींच्या रचनांचा संग्रह.

मराठीत या 'थेर'चे पुढे काय झाले? 'थेरडा' आणि 'थेरडी'. शेवटी तुच्छतेचा 'डा' लागला आणि लेण्याच्या भिंतीवरचा आदर शिवीच्या जवळ येऊन ठेपला. ज्या खाडीकाठी एका दात्रीने आपल्या कुळाची थोरवी सांगण्यासाठी हा शब्द दगडात कोरून घेतला, त्याच प्रदेशात आज तो कोणी स्वतःसाठी वापरणार नाही.

आता इंग्रजीकडे वळू. 'ओल्ड' हा शब्द जुन्या इंग्रजीत 'एआल्ड' असा होता. त्याचे मूळ ज्या इंडो-युरोपीय धातूत आहे, त्याचा अर्थ 'पोसणे, वाढवणे' असा आहे. लॅटिनमार्गे आलेले 'ॲडल्ट', 'ॲडोलसन्ट' आणि पोटगीचा 'ॲलिमनी' हे सगळे त्याच घरातले. म्हणजे 'ओल्ड' याचा मूळ अर्थ झिजलेला असा नसून 'वाढलेला' असा आहे. संस्कृत 'वृद्ध' हा शब्दही 'वृध्' म्हणजे वाढणे या धातूपासून आला आहे. दोन्ही शब्दांचे धातू वेगळे, पण कल्पना एकच. वार्धक्याकडे वाढ म्हणून पाहणारे लोक हजारो मैलांच्या अंतरावर एकमेकांना न विचारता त्याच शब्दार्थापाशी पोहोचले.

'ओल्ड'पासून 'एल्डर' आणि 'एआल्डोर' म्हणजे प्रमुख. अँग्लो-सॅक्सन इंग्लंडमध्ये 'एआल्डोरमन' हा राजाच्या वतीने परगण्याचा कारभार पाहणारा बडा अधिकारी होता. अकराव्या शतकात डॅनिश राजा कनूट याच्या काळात त्याची जागा 'अर्ल' या पदवीने घेतली. जुना शब्द खाली उतरला : आधी व्यापारी संघांच्या प्रमुखांकडे आणि मग नगरपालिकेकडे. तोच 'अल्डरमन'.

हा शब्द रायगडच्या किनाऱ्यासमोरच येऊन उतरला. १७२६ च्या राजसनदेने मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे मेयरचे न्यायालय स्थापन झाले. त्यात एक मेयर आणि नऊ अल्डरमन असत. त्या काळात खाडीच्या अलीकडे कुलाबा किल्ल्यावर कान्होजी आंग्रे यांची सत्ता होती आणि त्यांचे निधन १७२९ मध्ये झाले. म्हणजे काही काळ असा होता की पाण्याच्या एका तीरावर 'अल्डरमन' न्यायदानास बसत होते आणि दुसऱ्या तीरावरच्या गावांत 'म्हात्रे' नांदत होते. दोघांच्याही नावाचा मूळ अर्थ 'मोठा माणूस', आणि दोघांनाही एकमेकांच्या नावाचा अर्थ कळण्याचे कारण नव्हते. मुंबईचे हे न्यायालय १७९८ मध्ये रेकॉर्डरच्या न्यायालयात रूपांतरित झाले.

'अल्डरमन' अजून जिवंत आहे. दिल्ली महापालिकेवर नायब राज्यपालांनी नेमायच्या दहा सदस्यांना व्यवहारात हेच नाव आहे. त्यांच्या नेमणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये निकाल लागला. कायद्याने या सदस्यांसाठी ठरवलेली किमान वयोमर्यादा आहे २५ वर्षे. पंचविशीतील 'वडीलधारा' आणि तिशीतील 'थेर' यांच्यात फारसे अंतर नाही.

लॅटिन भाषेची कथा याहून मोठी आहे. 'सेनेक्स' म्हणजे वृद्ध. त्यापासून 'सेनेट' म्हणजे वृद्धांची सभा. 'सीनिअर' म्हणजे अधिक वृद्ध. आणि 'सीनिअर' झिजत झिजत फ्रेंचमार्गे 'सायर' व 'सर'. पोर्तुगीज 'सेन्योर'ही तोच. सोळाव्या शतकाच्या आरंभीपासून १७४० पर्यंत पोर्तुगीज रेवदंड्यात होते, आणि त्यांच्या भाषेतून घडलेली बोली समोरच्या कोर्लई गावात आजही बोलली जाते. रेवदंड्याच्या तटाआड 'सेन्योर' म्हणून हाक मारणारा आणि आज अलिबागच्या शाळेत तेविशीतल्या नव्या शिक्षकाला 'सर' म्हणणारा विद्यार्थी, दोघेही नकळत समोरच्याला 'अधिक म्हातारा' असेच म्हणत असतात.

याच 'सेनेक्स'पासून 'सेनाइल' निघाला. सतराव्या शतकात इंग्रजीत तो आला तेव्हा त्याचा अर्थ केवळ 'वार्धक्याचा, वृद्धाला साजेसा' असा होता. एकोणिसाव्या शतकापर्यंत त्याला बुद्धिभ्रंशाचा वास लागला. मराठीत त्यासाठी एकच खणखणीत शब्द आहे : म्हातारचळ. एकाच घराण्यातून 'सेनेट' आणि 'सेनाइल' निघावेत, एकाला संगमरवरी सभागृह मिळावे आणि दुसऱ्याला रुग्णालयातील तक्ता, हे महत्तर-म्हातारा-म्हात्रे या आपल्या कथेहून फार निराळे नाही.

येथे थोडे थांबून आणखी एक नातेसंबंध पाहण्यासारखा आहे. लॅटिन 'सेनेक्स' आणि संस्कृत 'सन' म्हणजे जुना, हे शब्द सगोत्र आहेत. 'सनातन' त्याच कुळातला. म्हणजे 'सीनिअर' आणि 'सनातन' चुलत भावंडे ठरतात. ग्रीक 'गेरोन' म्हणजे म्हातारा आणि संस्कृत 'जरा', 'जरठ', 'जीर्ण' यांचे मूळ एक. मराठीतील 'जुना' हा 'जूर्ण'पासून आला, तोही त्याच धातूचा. तेव्हा वैद्यकातले 'जेरोन्टॉलॉजी' आणि घरातले जुने कपाट यांचे रक्ताचे नाते आहे. 'वेटरन'मधील लॅटिन 'वेटुस' हा वर्षवाचक धातूपासून आलेला. संस्कृत 'वत्सर', 'संवत्सर' आणि वर्षाचे वासरू म्हणजे 'वत्स' ही त्याचीच भावंडे. युद्धातून परतलेला 'वेटरन' आणि गोठ्यातले वासरू एकाच मुळाचे, कारण दोघांचेही वय वर्षांनीच मोजायचे.

शब्दांची मुळे जुळली, तरी त्यांचा वापर मात्र जुळत नाही. इंग्रजीत 'ओल्ड' एकटाच माणसालाही लागतो आणि वस्तूलाही. मराठीत येथे कुंपण आहे. माणूस म्हातारा, बैल म्हातारा. घर जुने, नाणे जुने. भेंडी जून, भाकरी शिळी, वस्त्र जीर्ण, मंदिर पुरातन. इंग्रजीतला 'ओल्ड फ्रेंड' मराठीत आणताना अनुवादकाला निर्णय घ्यावाच लागतो : मैत्री जुनी की मित्र म्हातारा?

एकोणिसाव्या शतकातील कोशकारांपुढे ही अडचण रोजची होती. जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे जुळे बंधू आणि अनेक शास्त्री या कामात होते. थॉमस कँडी यांनी इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये पूर्ण केला आणि मोल्सवर्थच्या कोशाची वाढीव दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये आली. मराठीकडून इंग्रजीकडे जाताना काम तुलनेने सोपे होते. म्हातारा, जुना, जून या तिघांच्याही पुढे 'ओल्ड' लिहून वेळ मारून नेता येत होती. इंग्रजीकडून मराठीकडे येताना मात्र 'ओल्ड'पुढे एक प्रतिशब्द पुरणे शक्यच नव्हते. माणूस की वस्तू, सजीव की निर्जीव, आदर की उपहास, हे सगळे आधी ठरवावे लागे. मराठीची श्रीमंती मोजायची असेल तर अशा ठिकाणी मोजावी.

इंग्रजीने ही उणीव उसन्या शब्दांनी भरून काढली, हेही मान्य केले पाहिजे. 'ओल्ड' घरचा, 'एन्शन्ट' फ्रेंचमार्गे आलेला आणि 'अँटीक' लॅटिनचा, दोन्हींच्या मुळाशी 'आधी' या अर्थाचा 'आन्ते', 'आर्केइक' ग्रीक. अशा रीतीने इंग्रजीत घरचा शब्द माणसाच्या वाट्याला राहिला आणि परका शब्द वस्तूला भारदस्तपणा देऊ लागला. जेर्सन द कुन्हा यांनी १८७६ मध्ये चौल आणि वसईवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याच्या शीर्षकात 'हिस्टरी'च्या जोडीला 'अँटिक्विटीज' हा शब्द होता. चौलचे पडके दरवाजे आणि चर्चचे मनोरे 'अँटिक्विटी' झाले. त्या पडझडीच्या आसपास नारळी-पोफळीच्या वाड्या शिंपणारी माणसे 'ओल्ड'च राहिली.

चौलपासून थोड्याच अंतरावर, अलिबागजवळ, आक्षीचा शिलालेख आहे. त्यावरील शक सामान्यतः ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचला जातो. या वाचनावर मतभेदही आहेत. मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांच्या चर्चेत त्याचे नाव नेहमी येते. शं. गो. तुळपुळे यांच्या १९६३ च्या ग्रंथाचे नाव 'प्राचीन मराठी कोरीव लेख' असे आहे, आणि ॲन फेल्डहाउस यांच्यासह त्यांनी केलेल्या, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी कोशाच्या नावात 'ओल्ड मराठी' आहे. नीट पाहिले तर हा उलटा हिशेब आहे. आक्षीच्या दगडावरची मराठी ही मराठीचे बालपण आहे. भाषा तेव्हा नुकती लिहू लागली होती. तरी ती 'ओल्ड', आणि हजार वर्षांचे वय झालेली आजची मराठी 'मॉडर्न'. माणसाला 'ओल्ड' म्हणताना त्याच्या जन्मापासून आजपर्यंत मोजायचे आणि भाषेला म्हणताना आजपासून मागे, असा हा प्रकार.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला 'अभिजात' दर्जा मिळाला. त्यासाठीच्या निकषांत दीड ते दोन हजार वर्षांची प्राचीनता आहे. पण 'क्लासिकल' हा मूळचा 'वर्ग, श्रेणी' सांगणारा शब्द आणि 'अभिजात' म्हणजे कुलीन. दोन्हींपैकी एकाही शब्दात 'जुना' हा अर्थ नाही. ज्या गोष्टीचा मान राखायचा, तिला 'जुनी' म्हणायचे टाळावे, ही काळजी शासकीय भाषेनेही घेतलेली दिसते.

कायद्याने हे सगळे आकड्यांत बसवले आहे. लॉर्ड कर्झन यांच्या काळात १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा झाला. १९५८ च्या कायद्यानुसार वास्तू 'प्राचीन स्मारक' ठरण्यासाठी किमान शंभर वर्षांची असावी लागते. माणसाला इतका अवधी नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाच्या २००७ च्या कायद्याने माणूस साठाव्या वर्षी 'ज्येष्ठ नागरिक' होतो. 'साठी बुद्धी नाठी' म्हणणाऱ्यांनी हाच आकडा कायद्याच्या कितीतरी आधी निवडला होता. मात्र परंपरेने त्याच साठीला सोहळाही दिला : साठ संवत्सरांचे चक्र पूर्ण होऊन जन्माचे संवत्सर परत येते, म्हणून साठीशांत. एकाच आकड्यावर हेटाळणीही आणि होमहवनही. समाजाचे दुटप्पीपण इतक्या मोकळेपणी फारसे कुठे दिसत नाही.

'सीनिअर सिटिझन' हा अमेरिकेत १९३८ च्या सुमारास रूढ होऊ लागलेला शब्द, राजकारणाच्या सोयीचा. मराठीने त्याला 'ज्येष्ठ नागरिक' केले आणि तसे करताना बढतीही दिली. 'सीनिअर' हे तुलनेचे रूप, अधिक वृद्ध एवढेच सांगणारे. 'ज्येष्ठ' हे श्रेष्ठत्वाचे टोक; पाणिनीच्या व्याकरणात 'वृद्ध' आणि 'प्रशस्य' म्हणजे स्तुत्य या दोन्ही शब्दांचे तमभावाचे रूप 'ज्येष्ठ' असे होते. सर्वांत वृद्ध आणि सर्वांत स्तुत्य यांना एकच शब्द! मूळ इंग्रजी शब्दात एवढे औदार्य नव्हते.

ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि त्या योजनेचे नाव 'अमृत ज्येष्ठ नागरिक' असे ठेवले गेले. म्हणजे 'ज्येष्ठ' एकटा पुरेना. त्याच्या मागे 'अमृत' लावावे लागले. महत्तर गेला तेव्हा वृद्ध आला, वृद्ध कोमेजला तेव्हा ज्येष्ठ आला. थेर आणि महत्तर यांना घसरायला शतके लागली होती. 'ज्येष्ठ नागरिक' कागदोपत्री अजून मानाचा आहे, महाविद्यालयाच्या कट्ट्यावर मात्र क्रिकेट खेळताना दमलेल्या पंचविशीतल्या मित्राला आताच हाक ऐकू येते : "चला, सीनिअर सिटिझन, बसा आता सावलीत."